तापाचे डॉक्टर

"अक्काऽऽ, आधण ठेवऽऽ!"

एसटी फाट्यावर थांबली की बाळूमामा तिथूनच हाक मारायचे. फाटा आणि घर यांच्या मधे दोन शेतं आणि एक ओढा, पण हाक त्या सगळ्यावरून उडी मारून थेट स्वयंपाकघरात यायची. लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी राहायला आलेली सुमेधा ती ऐकून दचकून उठली होती. पुण्यात कुणी असं ओरडलं तर शेजारी खिडकी उघडून बघतात. सासूबाई, म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण हौसाबाई, मात्र गालात हसल्या, पदर खोचला, पातेलं चढवलं आणि म्हणाल्या, "आला बघ माझा भोंगा." चहाला उकळी फुटायची आणि मामांची सावली उंबऱ्यावर पडायची. एका हातात गुळाची ढेप, दुसऱ्या हातात चपला, कारण ओढ्यातून येताना त्यांनी त्या कधी पायात ठेवल्या नाहीत.

ती हाक एवढ्या वर्षांनी सुमेधाच्या कानात परत वाजली, ती आयर्लंडमध्ये, किलब्रॅनॉग नावाच्या गावात, घरासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर टकटक करताना.

दोन हजार एकवीसचा एप्रिल सरत आला होता. महिनाभर पाऊस नव्हता, पण सकाळी दंव गोठून गवत पांढरंफेक पडायचं, चालताना पायाखाली करकर वाजायचं. तिचा नवरा विवेक कॉर्क शहराजवळच्या औषधांच्या कारखान्यातून परत आला होता. इंजिन बंद करून बराच वेळ झाला तरी तो गाडीतून उतरेना, म्हणून सुमेधा बाहेर आली. त्याने काच खाली केली.

"मामा गेला," तो म्हणाला. फोन मांडीवर होता. "दुपारी. कोल्हापुरातच. बेड मिळाला होता, ऑक्सिजनपण मिळाला होता. तरी."

सुमेधाने खिडकीच्या कडेवर ठेवलेला त्याचा हात धरला. तो गार होता.

"आईला सांगायचं नाही," विवेक म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगायचं. काय सांगू तिला? भाऊ गेला, आणि तू इथंच बस? विमानांचा पत्ता नाही. तिचं बीपी, तिची शुगर. मामीशी बोललोय मी, ती फोन उचलणार नाही. जरा निवळू दे."

"आणि आईंनी विचारलं तर?"

"निवळू दे म्हटलं ना."

तो आत गेला. हौसाबाई कणीक मळत होत्या. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या होत्या त्या. मग विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचं वर्ष उलटून गेलं. विवेकने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "मामाला मशीनवर ठेवलंय. काही दिवस बोलता नाही यायचं."

हौसाबाईंचे हात कणकेत थांबले. "भाकरी खातोय का?"

"नळीतून देतात."

"नळीतनं," त्या म्हणाल्या, आणि कणकेला परत मुठी देऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराजवळ त्यांच्या लोकरी सपाता एकमेकींना चिकटून नीट ठेवलेल्या होत्या. बाहेर जायचे बूट त्याच्या शेजारी. हौसाबाई फरशीवर अनवाणी उभ्या होत्या.

"आई, पायात घाला. फरशी गार आहे."

"बाळू चालत घरला येईस्तवर न्हाई घालायची," त्या म्हणाल्या. "बोलून चुकलीया मी."

"कुणाशी बोललात?"

हौसाबाईंनी हनुवटीने खिडकीबाहेर, पुलाच्या बाजूला खूण केली. "डॉक्टरास्नी."

पुलाच्या तोंडाशी, जिथे गावाचे तीन रस्ते मिळतात, तिथे चुनखडीच्या दगडाचा चौकोनी खांब होता आणि त्यावर डॉक्टर डेनिस हॅनिगन यांचा अर्धपुतळा. नाक झिजलेलं, एका कानामागे शेवाळ. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या नोरीन ट्वोमीने कुंपणावरून त्यांची गोष्ट सांगितली होती आणि सुमेधाने ती वाक्यावाक्याने मराठीत सासूबाईंना दिली होती. दुष्काळाचं साल, बटाटा कुजलेला, त्यामागून ताप आला. ज्यांच्याकडे घोडागाडी होती ते गाव सोडून गेले. डॉक्टर गिरणीवाल्यांच्या घरातले, त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या. त्यांनी राहतं घर तापाच्या लोकांना दिलं, स्वतः कोठारात झोपले आणि शेवटी त्याच तापाने गेले. पुढे गावाने खांब उभा केला. अजून म्हातारी माणसं त्यांना तापाचे डॉक्टरच म्हणतात.

"तापात मानसं टाकून गेला न्हाई," हौसाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "मग द्येवच की त्यो. ह्यांला कुनी सांगितलं न्हाई व्हय?" तेव्हापासून पुलावरून जाताना त्या हात जोडायच्या. सुमेधाला त्याचं काही वाटलं नव्हतं. बसमधून मंदिर दिसलं की तीही जोडते.

पण हात जोडण्यावर ते थांबलं नव्हतं, हे तिला नोरीन दारात आली तेव्हा कळलं.

नोरीनचं वय सत्तरीच्या पुढे, तोंडावर फुलाफुलांचा मास्क, हातात बागेतले मोजे. ती गाव नीटनेटकं ठेवणाऱ्या मंडळात होती. रस्त्याकडेच्या कुंड्या, बाकं, डॉक्टर, सगळं त्यांच्याकडे. ती पायरीच्या खालीच उभी राहिली.

"सुमेधा, लव्ह, तुझ्या सासूबाई अनवाणी का फिरतात?"

"आमच्यात पद्धत असते. भाऊ आजारी आहे त्यांचा." वाक्य पुरं झालं आणि सुमेधाला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. परक्या बाईशीसुद्धा ते तसंच निघालं होतं.

"अरेरे. देव त्याचं भलं करो." नोरीनने जरा थांबून मोजे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "डॉक्टरांच्या पायाशी कुणीतरी तेल ओततंय. तेल आणि लाल काहीतरी. गावातले म्हणतायत, दारू प्यालेल्या पोरांनी रंग फेकला. फेसबुकवर फोटो पडलाय. मी काही बोलले नाही. पण पहाटे कुत्रं फिरवायला मीच पहिली असते."

सुमेधाने मागे वळून पाहिलं. ओट्यावर तिळाच्या तेलाची बाटली होती, निम्म्याच्या खाली उतरलेली.

"गेल्या वर्षीच आम्ही तो दगड साफ करून घेतलाय, डब्लिनहून माणूस आणून," नोरीन म्हणाली. "हा दगड तेल पितो, लव्ह. रविवारी मंडळाची माणसं बघायला येतील. त्याच्या आत निघालं तर ग्रँड. मग कुणाला काही सांगायची गरज नाही."

त्या संध्याकाळी जेवताना विवेकचा आवाज चढला. "आई, हे आपलं गाव नाही. इथं पुतळ्याला तेल घालत नाहीत. लोक काय म्हणतील? मला इथं नोकरी करायचीय."

"नुसतं न्हाई घातलं. कुक्कू कालवून घातलं," हौसाबाई म्हणाल्या. "शेंदूर गावला न्हाई हितं."

"पण का?"

"का म्हंजी? तुज्या मामासाठनं. तुला काय त्याचं?"

विवेकने ताटातली भाजी सरकवली. त्याने एकदा सुमेधाकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "उद्या दोघी मिळून धुऊन काढा," तो म्हणाला.

धुऊन ते निघणारं नव्हतं. साबणाचं पाणी घातलं तसं कुंकू पसरलं आणि पायरीचा दगड खालपर्यंत गुलाबी झाला. नोरीनने तिच्या शेडमधून पांढऱ्या मातीची पिशवी आणून दिली. ती भिजवायची, भाकरीच्या पिठाइतकी घट्ट, दगडावर बोटभर जाड थापायची, वरून प्लास्टिक लावायचं. माती वाळताना तेल ओढून घेते. मग लाकडी पट्टीने खरवडायची, आणि परत नवी थापायची.

दोघी रोज सकाळी बादली घेऊन पुलावर जायला लागल्या. नदीवरून वारा सरळ अंगावर यायचा. सुमेधाच्या बोटांची टोकं मातीने फुटली, रात्री भांडी घासताना झोंबायची. हौसाबाई पायरीवर बसून थापायच्या, भिंतीला लिपण घालावं तशा तळहाताने. साडी पिंढऱ्यांपर्यंत वर खोचलेली, वरून विवेकचं जुनं जाकीट, आणि खाली उघडे पाय. दंवावर ते आधी लाल व्हायचे, मग निळसर. टाचांच्या भेगांत पांढरी माती भरून राहायची.

थापता थापता त्या गुणगुणायच्या. जात्यावर बसल्यासारखा संथ सूर, मागेपुढे हलत:

*परमुलखीचा गं वैद्य, दगडाची त्याची काया*
*माझ्या बंधवाच्या वाटं, धरावी गं त्यानं छाया*

"ही कुठली ओवी, आई?"

"कुटली न्हाई. आत्ताच आली." हौसाबाईंनी माती चेपली. "बाळू घरला आला की त्याला फोनवर म्हनून दावीन. हसंल मला. म्हनंल, अक्का, साहेबाच्या देवाला मराठी कळतंय व्हय."

सुमेधा बादलीतली माती ढवळत राहिली. ती आधीच नीट भिजलेली होती.

रस्त्यापलीकडे खाटकाच्या दुकानाबाहेर दोन दोन मीटर सोडून रांग असायची, आणि रांगेला बघायला दुसरं काही नव्हतं. एकदा एक जाडजूड माणूस पिशवी हलवत जवळून गेला आणि म्हणाला, "तेलात घोळवून झाले, आता माशासारखं पिठात घोळवताय? चिप्स कधी टाकणार डॉक्टरांबरोबर?" मागच्या दोघीतिघी हसल्या. त्यात वाईट हेतू असेल किंवा नसेल. सुमेधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे गावाला कळलं होतं. नोरीनने सांगितलं नसेल, पण अनवाणी बाई बादली घेऊन रोज तिथे बसते म्हटल्यावर सांगायचं काय राहिलं?

"काय म्हनला त्यो?" हौसाबाईंनी विचारलं.

"छान काम करताय म्हणाला."

"तोंड तसं न्हवतं त्याचं." त्यांनी मान वळवून त्या माणसाची पाठ बघितली. "तू हल्ली निम्मंच सांगतीस मला, सुमे."

त्या सहज म्हणाल्या आणि कामाला लागल्या. सुमेधाला मात्र पुढे बराच वेळ हातातली पट्टी कुठे लावायची ते सुचेना.

शुक्रवारी हौसाबाईंच्या डाव्या पायात काच गेली. बिअरच्या बाटलीची हिरवी कपची, पुलाच्या कडेच्या खडीतली. त्यांनी ती उपसून नदीत टाकली आणि तशाच लंगडत घरी आल्या. फरशीवर डाग पडले तेव्हा सुमेधाला कळलं. शनिवारी जखमेच्या भोवती सूज आणि लाली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर प्रश्न विचारले, फोटो मागवला, शुगर आहे म्हटल्यावर आवाज बदलला. गोळ्या लिहून दिल्या, आणि म्हणाल्या, पाय कोरडा ठेवा, झाकलेला ठेवा, जमिनीला लावू नका. लाली वर चढायला लागली तर थेट इस्पितळात.

"पट्टी करून घेईन की," हौसाबाई म्हणाल्या. "पर पायतान न्हाई घालायची."

"आई, पाय जाईल तुमचा."

"एक पाय गेला तर जाऊ दे. माझा भाऊ तिकडं नळ्या घालून पडलाय."

विवेक स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास विसळत होता. सुमेधा त्याच्या मागे गेली, दार ओढून घेतलं.

"पाय बघितलास?"

"गोळ्या चालू केल्यात ना."

"विवेक, त्या कुणासाठी अनवाणी चालतायत?"

त्याने नळ जरा जास्त सोडला. "अजून थोडे दिवस. मामाला बरं वाटतंय म्हणून सांगतो उद्या. चालायला लागलाय म्हणतो. मग घालेल चपला."

सुमेधा त्याच्याकडे बघत राहिली. तो हे खरंच बोलतोय की कसं वाटतं ते नुसतं बोलून बघतोय, ते तिला कळेना.

"आणि मग? मामांशी बोलायचंय म्हणाल्या तर?"

ग्लास कधीच स्वच्छ झाला होता. तो तरी विसळतच होता. "मला जमत नाही, सुमे," तो म्हणाला. "लहानपणी आईपेक्षा मामाच्याच कडेवर जास्त असायचो मी. माझ्या तोंडातून निघतच नाही ते. आणि तू सांगू नकोस. माझा मामा आहे."

रविवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं, दंव नव्हतं. विवेक झोपलेला होता. पायाला पट्टी आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधून हौसाबाई दाराशी तयार बसल्या होत्या. मी एकटी करून येते म्हटलं तर ऐकेनात. शेवटचा थर काढायचा होता. सुमेधाने त्यांना गाडीतून पुलापर्यंत नेलं.

नोरीन मंडळाच्या माणसांआधीच येऊन उभी होती. सुमेधाने प्लास्टिक सोललं, पट्टीने माती खरवडली, ओल्या फडक्याने पुसलं. पायरीवर अगदी फिकट, पिवळसर सावली राहिली होती. ठाऊक असलेल्यालाच दिसावी एवढीच.

नोरीन वाकली, चष्मा वर केला, खाली केला. "ग्रँड," ती म्हणाली. "एकदम ग्रँड. पाऊस पडला की उरलेलं जाईल." मग हौसाबाईंच्या पायातल्या पिशवीकडे तिचं लक्ष गेलं. "भाऊ कसा आहे त्यांचा?"

सुमेधा फडकं पिळत राहिली.

"काय म्हनती ती?"

"डाग गेला म्हणते."

"त्ये झालं." हौसाबाई खांबाला हात टेकून उभ्या राहिल्या. "तिला एक इचार. ह्यांनी किती मानसं वाचवली? मोजलं असंल की कुनीतरी."

सुमेधाने इंग्रजीत विचारलं. नोरीनने वर पुतळ्याकडे पाहिलं, मग नदीकडे. मास्क हनुवटीवर ओढला आणि लांब उभी राहूनच बोलली.

"वाचवली? खरं सांगू का, लव्ह, फारशी नाहीच. औषध कुठे होतं तेव्हा? जे त्या घरात गेले त्यातले बहुतेक पलीकडच्या शेतात पुरलेत. गावाने दगड त्यासाठी नाही उभा केला. इतर ठिकाणी तापाच्या इस्पितळात गेलेल्या माणसाचं काय झालं, ते घरच्यांना कळायचंच नाही. महिनोन् महिने आया दाराशी बसायच्या, वाट बघत. आमचा हा डॉक्टर तसं करायचा नाही. माणूस गेला की रोजच्या रोज स्वतः चालत त्या घरी जायचा. चिखल असो, बर्फ असो. दाराबाहेर उभा राहून सांगायचा, तुमची मेरी गेली, तुमचा मायकल गेला. आमच्या घरी तो दोनदा आला होता. माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगायची, लोक त्याला बघून दार लावून घ्यायचे. तरी तो बाहेरून सांगायचा, आणि मगच जायचा."

पावसाचे बारीक थेंब आले. खाटकाचं दुकान बंद होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. नोरीनने मास्क परत नाकावर चढवला, कुत्र्याची दोरी हातात घेतली आणि मान हलवून निघून गेली.

"लई बोलली की," हौसाबाई म्हणाल्या. "सांग."

"म्हणते, फार नाही वाचवले."

"आन् बाकीचं? एवढं लांबलचक काय सांगत हुती?"

सुमेधाने फडकं बादलीत टाकलं. "म्हणते... जो माणूस जाईल, त्याच्या घरी डॉक्टर स्वतः जाऊन सांगायचे. लपवायचे नाहीत. म्हणून दगड उभा केला."

हौसाबाईंनी पुतळ्याच्या झिजलेल्या नाकाकडे पाहिलं. मातीने पांढरा झालेला तळहात साडीला पुसला.

"वाचवत न्हवता, तर मग नवस कुनाला केला म्या?" त्या हळूच म्हणाल्या. मग विचारलं, "सुमे, बाळूची बायकू फोन का उचलत न्हाई?"

"त्या..." सुमेधाने तोंड उघडलं. क्वारंटाइन, रेंज, चार्जर, सगळी उत्तरं जिभेशी रांगेत उभी होती. आठवडाभर तिने ती वापरली होती. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. एका पायावर भार देऊन, दुसरा पिशवीतला पाय जरासा उचलून, त्या खांबाला धरून उभ्या होत्या. पिशवीच्या प्लास्टिकवर पाऊस टपटप वाजत होता.

सुमेधाने त्यांचं कोपर धरलं. ते हाडकुळं होतं.

"आई, पायरीवर बसा आधी."

"बसत न्हाई. उभीच हाय मी. बोल."

"बाळूमामा गेले, आई," सुमेधा म्हणाली. "तुम्ही पायातलं काढून ठेवलंत, त्याच्या आदल्या दिवशीच गेले."